पहिल्या तक्त्याचे माणिकराव सर

माझी आणि माणिकराव सरांची ओळख एका शेळीनं करून दिली. सरांच्या साठीच्या गौरवग्रंथात असं वाक्य शोभत नाही, हे मला कळतं. "बाई, जरा भारदस्त लिहा," असं समितीतल्या मंडळींनी बजावलंही होतं. पण झालं ते असंच झालं, आणि ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांना खोटं चालत नाही. म्हणून शेळीपासूनच सुरुवात करते.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. माझं गाव साखरा, सेनगावकडचं. बाबा आणि दोघे भाऊ मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने बाहेर असायचे, म्हणून आठवीपासून मला शिकायला कळमनुरीला मामाकडे ठेवलं होतं. मामाच्या चार शेळ्या होत्या आणि शाळेतून आलं की त्या माझ्या गळ्यात. त्यांतली एक कबरी शेळी महाबिलंदर. मी अकरावीत असताना एका दुपारी ती दावं तोडून पळाली आणि जुन्या जिनिंगच्या गोदामात शिरली. मागोमाग मी. आत जाऊन बघते तर बया मागच्या दोन पायांवर उभी राहून भिंतीला खळीनं चिकटवलेला एक मोठा कागद मजेत खात होती. समोर लोखंडी बार, प्लेटा, लाकडी बाकडी, आणि एका स्टुलावर पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ शांतपणे बसलेले.

"हाकललं न्हाई तिला?" मी ओरडले.

"अर्धा तर खाल्लाच आहे," ते म्हणाले. "उरलेल्या अर्ध्याचं मी काय करू? खाऊ दे. पण आता नवीन तक्ता लिहून कोण देणार? तुझी शेळी का तू?"

हे माणिकराव सर. मुलांच्या शाळेत गणित शिकवायचे आणि सकाळ-संध्याकाळ या गोदामात तालीम चालवायचे. शेळीनं खाल्ला तो त्यांचा 'पहिला तक्ता' होता. दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठा, शाई आणि रूळ घेऊन गेले आणि सर सांगतील तसा तो लिहून काढला. माझं अक्षर बरं होतं, त्यामुळे सुटका नव्हती.

तक्त्यात फार काही नव्हतं. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. खांद्यावर बार घेऊन बैठक, बाकावर पाठ टेकून बार छातीवरून वर ढकलायचा तो बेंच, जमिनीवरून उचल. प्रत्येकाच्या पाच-पाचच्या तीन खेपा. पहिल्या दिवशी नुसता बार, आणि मग दर वेळी अडीच किलो जास्त. लिहिता लिहिता मी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला आणि विचारलं, "सर, आठवड्यात तीनदा अडीच म्हंजे वर्षात तीनशे नव्वद किलो. माणूस वर्षभरात म्हैस उचलतो का?"

सर एवढे हसले की स्टुलावरून पडायचेच राहिले. म्हणाले, "आठ वर्षं झाली हा तक्ता लावून. एका गड्यानं हे विचारलं न्हाई. उचलत न्हाई, बाई. कुठंतरी अडकतो. ज्या दिवशी अडकतो, त्या दिवशी पहिला तक्ता संपला."

मग त्यांनी मला बाकीचे दोन तक्ते दाखवले. दुसऱ्यात वजन दर वेळी वाढत नव्हतं, आठवड्याला एकदाच वाढत होतं. एक दिवस जड, एक हलका, एक मधला. तिसऱ्यात महिना-महिना, दीड-दीड महिना आधी आखून घ्यायचा, वजन चढवायचं, मुद्दाम उतरवायचं, परत चढवायचं, तेव्हा कुठे शेवटी दोन-चार किलोची भर. सरांचं म्हणणं सरळ होतं. तुम्ही किती वर्षं तालमीत येता, किती उचलता, मिशा केवढ्या आहेत, याच्याशी तक्त्याचा संबंध नाही. तुमचं वजन किती दिवसांनी वाढू शकतं, एवढंच बघायचं. दोन दिवसांनी वाढत असेल तर तुम्ही पहिल्या तक्त्यावरचे, मग तुम्ही गावचे पाटील का असेनात. पुढे शारीरिक शिक्षणाची पदवी घेताना मी जाडजाड पुस्तकं वाचली. त्यांत हेच होतं, फक्त समजायला अवघड करून लिहिलेलं.

तक्ता लिहून झाल्यावर मी विचारलं, "मी करू का हे?"

सर म्हणाले, "पोरीचं काय काम हितं?"

मला असा राग आला की पुठ्ठा तिथंच टाकून मी निघून आले. आता तुम्ही म्हणाल, गौरवलेखात हे कशाला? तर यापुढचं सांगायचं आहे म्हणून. दोन दिवसांनी सर स्वतः मामाच्या दारात आले. मामा बाजारातून आलेला, मामी चहा टाकायला उठली. सर उभ्या उभ्याच म्हणाले, "मी परवा या पोरीला चुकीचं बोललो. तक्त्यात कुठंच लिहिलं न्हाई की हा पोरांचा आहे. तिला पाठवा. चार ते साडेपाच, तेव्हा तालमीत कोणी नसतं. माझी घरचीही येऊन बसंल." कळमनुरीसारख्या गावात एक मास्तर सतरा वर्षांच्या पोरीची माफी मागायला येतो, हे मामाला पेलेचना. तो नुसता "बसा, बसा" करत राहिला.

'घरची' म्हणजे आमच्या निर्मलाकाकू. त्या खरोखरच रोज आल्या. दाराशी पोतं टाकून तुरीची डाळ निवडत बसायच्या आणि माझ्या बैठका मोजायच्या. "चार... चार झाले का पाच? अगं, खडा लागला, थांब, परत कर." काकूंच्या खड्यापायी मी कितीतरी बैठका फुकट मारल्या आहेत. काकूंशिवाय हा ग्रंथ अर्धाच राहील, हे समितीच्या कानावर घालून ठेवते.

सरांची तालीम गरीब होती. सव्वा किलोहून बारीक प्लेट कळमनुरीत मिळत नव्हती, आणि मला तर पंचेचाळीसच्या पुढं अडीचची उडी जड जायला लागली. सरांनी काय केलं, अडत दुकानातली तराजूची अर्ध्या-अर्ध्या किलोची दोन वजनं आणली आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बारच्या दोन्ही टोकांना बांधली. झाला एक किलो. "वाढलं पाहिजे, किती का असंना," हे त्यांचं पालुपद.

माणूस हट्टी, पण दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा. याचाही एक प्रसंग सांगते. एका अडत्याचा मुलगा, सुभाष, पुण्याहून मासिकातला कार्यक्रम घेऊन आला. आठवड्यातले सहा दिवस. आज छाती, उद्या पाठ, परवा नुसते दंड. त्याला तो तालमीत चौथा तक्ता म्हणून लावायचा होता. गावातले जुने लोक म्हणाले, हाकला त्याला. सर म्हणाले, "काहून हाकलू? करून बघू." सुभाष आणि त्याचा चुलतभाऊ, दोघेही नवखे, एकाच वयाचे, एकाच घरचं खाणारे. सुभाषनं मासिकातला कार्यक्रम करायचा, भावानं पहिला तक्ता. तीन महिन्यांनी सरांनी सगळ्यांसमोर दोघांना मोजलं. बैठकीत आणि उचलीत भाऊ कुठल्या कुठे पुढे गेला होता. सुभाषचा चेहरा पडला. तेव्हा सरांनी शिंप्याची पट्टी काढून दोघांचे दंड मोजले. सुभाषचा दंड भावाच्यापेक्षा जास्त भरला होता. सरांनी तेही तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं. "ज्याला ताकद पायजे त्यानं माझा तक्ता धरावा. ज्याला दंड पायजेत त्यानं सुभाषचा. पण दंड पाहून ताकद आली म्हणायचं न्हाई." वादात स्वतःच्या विरुद्धचा आकडा स्वतःच वाचून दाखवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. नंतरही फार पाहिले नाहीत.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही.

मला तालमीत दोन-अडीच महिने झाले होते. हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्या वर्षी बाबा मेंढरं घेऊन परतले ते माझ्यासाठी पुसेगावकडचं एक स्थळ मनात धरूनच. पाहुणे चांगले होते, शेती होती. अकरावी झाली तेवढी पुष्कळ, असं घरात ठरलं. माझं वय बसत नव्हतं, पण तेव्हा ते कोण बघत होतं! मी काकूंजवळ रडले. काकूंनी सरांना सांगितलं. आणि सर बसनं साखऱ्याला गेले. मीही सोबत होते.

बाबा बोलण्यात मागं हटणारे नव्हते. सरांना घोंगडीवर बसवून त्यांनी पहिलाच सवाल टाकला, "मास्तर, आमची पोरगी तिथं लोखंड उचलून राहिली म्हणं. काय मिळतं त्यानं?"

सर म्हणाले, "अजून काई न्हाई मिळालं. पण नव्या जिल्ह्याचा पहिला संघ निवडून राहिले. तीन महिन्यांनी हिंगोलीत निवड आहे. तिन्ही मिळून दोनशे किलो उचललं की पोरगी राज्याच्या स्पर्धेला जाती. ती निवडली गेली तर लग्नाचं थांबा, तिला पुढं शिकू द्या."

"आन् न्हाई निवडली तं?"

"तर तुमी म्हणाल ते. मी पुन्ना तुमच्या दारात येणार न्हाई."

बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बराबर हाय. शबुद दिला." एवढ्यावर माझं पुढचं आयुष्य ठरलं. दोनशे किलो झाले तर बारावी आणि पुढं. नाही झाले तर पुसेगाव.

आणि एवढं डोक्यावर असताना या बाईनं काय केलं, ते ऐका.

आमच्या तालमीत एक रीत पडली होती. कुणी पहिल्या तक्त्यावरून दुसऱ्यावर गेला की त्या तक्त्याखाली भिंतीवर लाल ऑइलपेंटनं त्याचं नाव लिहायचं आणि पेढे वाटायचे. तिसऱ्यावर गेला तर हार. पोरांनी सुरू केलेली रीत, सरांनी चालू दिली. दुसऱ्या तक्त्यावरचे पहिल्यावरच्यांना 'बालवाडी' म्हणायचे. आणि वर जायचा नियम कोणता? एकच वजन सलग तीन वेळा उचलता आलं नाही की पहिला तक्ता संपला. म्हणजे बघा गंमत. जो अडकला तो वर चढला, आणि ज्याचं अजून वाढतंय तो बालवाडीत. माझं तर वाढतच होतं. बैठकीत पंचावन्न किलो झाले होते आणि अजून एकदाही अडकले नव्हते. मला वाटायचं, वरच्या तक्त्यात जास्त ताकद असणार. खरं सांगायचं तर मला भिंतीवर नाव पाहिजे होतं. त्या भिंतीवर एकाही मुलीचं नाव नव्हतं.

मी छप्पन्न किलो घेऊन खाली बसले आणि उठलेच नाही. मुद्दाम. बार खालच्या आडव्या दांड्यांवर टेकवला आणि तोंड वाकडं केलं. एक दिवसाआड तीनदा हे नाटक केलं. सरांनी नियमाप्रमाणे मला दुसऱ्या तक्त्यावर घेतलं. 'कौशल्या' असं लाल अक्षरांत लिहिलं. काकूंनी पेढे वाटले. मी ते खाल्लेसुद्धा.

पाच आठवडे गेले. पहिल्या तक्त्यावर एवढ्या दिवसांत पंधरा किलो वाढले असते. दुसऱ्यावर आठवड्याला एक, म्हणजे झाले पाच. दिलेलं सगळं मी घाम न येता उरकत होते आणि निवडीला सहा आठवडे उरले होते. मला हे दिसत होतं. पण आता तोंड कसं उघडायचं? एका दुपारी मी लवकर पोहोचले तर सर आत माझी वही पुढ्यात घेऊन बसलेले. काकू डाळ निवडत होत्या. सर त्यांना सांगत होते, "काय चुकून राहिलं समजंना. पोरगी थकत न्हाई आन् वाढतही न्हाई. माझा नियमच खोटा आहे का काय? चार वेळा आकडे मांडले. निर्मला, माझ्या हातून पोरीचं वर्ष वाया जाऊन राहिलं."

सरांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी दारातच रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. बाबा असते तर काठीच उचलली असती. सरांनी फक्त विचारलं, "काहून केलं?"

"भिंतीवर नाव पायजे होतं," मी म्हटलं.

सरांनी वही मिटली. म्हणाले, "ती भिंत माझीच आहे. म्हंजे चूक आधी माझी, मग तुझी." काकू मात्र मला सोडायला तयार नव्हत्या. "पेढे खाताना लाज न्हाई वाटली गं तुला?" त्यांनी विचारलं. वाटली होती, काकू. आज लेखी कळवते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालीम भरलेली असताना सरांनी बादलीत चुना कालवला आणि भिंतीवरची सगळी नावं एका बाजूनं पुसायला घेतली. चुन्याखालून लाल रंग परत परत वर येत होता. चार हात दिले तेव्हा भिंत पांढरी झाली. माझं कारण त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "नाव लिहायची रीत आजपासून बंद. माणसं खोटं करायला लागली त्यापायी." जुनी मंडळी चिडली. दोघंजण तर तालीमच सोडून गेले, ते परत आले नाहीत. सरांना त्याचं वाईट वाटलं, हे मला काकूंकडून कळलं.

पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. सरांचं त्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. पाच-सहा महिने त्यांनी बारला हात लावला नव्हता. परत सुरू केलं ते थेट तिसऱ्या तक्त्यापासून, कारण गेली सात-आठ वर्षं ते तिसऱ्यावरच होते. त्यांना काही जमत नव्हतं, आणि बावन्न वय झालं म्हणून जमत नसेल असं आम्ही समजून चाललो होतो. चुन्याचे हात धुऊन सर सगळ्यांसमोर म्हणाले, "नाटक मीपण करून राहिलो. सहा महिने घरी बसलेल्या माणसाचं वजन दोन दिवसांनी वाढू शकतं. मग मी तिसऱ्या तक्त्यावर काहून? नुसत्या मानापायी." आणि त्यांनी नुसता बार खांद्यावर घेतला. मी लिहिलेल्या पहिल्या तक्त्यासमोर उभं राहून, त्यांनीच शिकवलेल्या वीस-पंचवीस गड्यांच्या देखत, माणिकराव सरांनी बालवाडीतल्या पोरासारख्या पाचच्या तीन खेपा केल्या. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मीही पहिल्या तक्त्यावर आले. सर आपला सरावही चारलाच करायला लागले. माझ्या बारवर एक किलो चढला की त्यांच्यावर अडीच. "कौसे, आज तू का मी?" असं विचारायचे. सहा आठवडे आम्ही दोघं नवखे बरोबरीनं वाढलो. तेवढं सुखाचं शिक्षण मी पुढं कुठल्याच कॉलेजात घेतलं नाही.

निवडीच्या दिवशी हिंगोलीला बाबा आले होते. मी बोलावलं नव्हतं. खांद्यावर घोंगडी टाकून ते मांडवाच्या कडेला उभे होते. बैठकीत मी ऐंशी केले, बेंचवर तीस. झाले एकशे दहा. उचलीत नव्वद लागत होते. सरावात मी साडेसत्त्याऐंशीच्या वर गेले नव्हते. पहिल्या खेपेला ऐंशी, दुसऱ्या खेपेला पंच्याऐंशी झाले. तिसऱ्या खेपेला नव्वद सांगितले. मी बारला हात घातला, डोळे मिटले आणि ओढलं. बार वर आला. तिन्ही पंचांनी हात वर केले. माइकवरून पुकारलं, "एकूण दोनशे किलो!" टाळ्या पडल्या. काकू उठून नाचायच्याच बाकी होत्या.

आणि सर पंचांच्या टेबलाकडे निघाले.

मी बघत होते. सरांनी बारकडे बोट दाखवलं. डाव्या बाजूला अडीचची बारकी प्लेट चढवायची राहून गेली होती. घाईत ज्यांनी बार भरला त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, पंचांच्या आलं नव्हतं, माझ्या तर नव्हतंच. सगळ्या मांडवात ते एका माणसाला दिसलं, आणि त्या माणसाला माहीत होतं की दोनशे झाले नाहीत तर माझं काय होणार. पंचांनी साडेसत्त्याऐंशी धरले आणि नियमानं मला नव्वदची आणखी एक संधी दिली. मी परत बारपाशी गेले. बार गुडघ्यापर्यंत आला आणि तिथून हलला नाही. एकूण एकशे साडेसत्त्याण्णव. संघात माझं नाव आलं नाही.

त्या दिवशी मी सरांशी एक शब्द बोलले नाही. पंच गप्प, माइक गप्प, मग यांनाच काय पडलं होतं? मी बाबांबरोबर साखऱ्याला गेले. मला सरांचा इतका संताप आला होता की पुढं कधी तोंडसुद्धा बघायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. आजही, खोटं कशाला बोलू, एखादे वेळी मनात येतंच की सर, त्या दिवशी तुम्ही दुसरीकडे बघितलं असतं तर?

सरांनी शब्द दिला होता की ते पुन्हा आमच्या दारात येणार नाहीत. ते आले नाहीत. निरोप नाही, चिठ्ठी नाही. आठ दिवस गेले. पाहुण्यांचा निरोप आला की कधी येऊ. बाबांनी त्यांना काही उत्तर दिलं नाही. नवव्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "पिशवी भर." मी मनात म्हटलं, पुसेगाव. मी कपडे भरले. बसमध्ये बसलो आणि बस कळमनुरीच्या रस्त्याला लागली, तेव्हा मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

सर घरीच होते. बाबांना दारात बघून ते उठून उभे राहिले. बाबांनी पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि म्हणाले,

"मास्तर, तुमी येणार न्हाई म्हणले व्हते. म्हून मीच आलो. तिथं तिघं जणं दोनशे म्हणून राहिले व्हते. माझी पोरगी जिंकलीच व्हती. तुमी एकले न्हाई म्हणले. अशा माणसाजवळ लेकरू ठिवायला मला कशाचं भ्याव? शिकवा तिला, किती शिकवायची ते."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पाहिलं आणि माझा आठ दिवसांचा राग तिथंच संपला. काकूंनी आत जाऊन चहा ठेवला. बाबा आणि सर बराच वेळ मेंढरांच्या चाऱ्याविषयी बोलत बसले. त्यानंतर मी बारावी झाले, पदवी झाली, राज्याला तिसऱ्या वर्षी गेले, आणि आज सेनगावला शाळेत मुलामुलींना खेळ शिकवते. पुसेगावच्या पाहुण्यांचंही कुठं काही अडलं नाही.

सरांना यंदा साठ पूर्ण होत आहेत. अशा वेळी शंभर वर्षं मागायची पद्धत आहे. मी आकडा मागत नाही. आकड्यांचं सर स्वतः बघून घेतील. एवढंच मागते की जमिनीवर मांडी घालून बसलेल्या सरांना उठताना कधी कुणाच्या हाताचा आधार लागू नये, निर्मलाकाकूंची मोजणी त्यांच्या कानावर रोज पडत राहावी, आणि जेवढी वर्षं मिळतील तेवढी दुखण्याखुपण्यावाचून जावोत.

बाबा आता थकले आहेत, मेंढरं भाऊ बघतात. मी हा लेख लिहिते आहे असं फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "माझ्याकडून बी लिही. मास्तरला म्हणावं, आता तं कोणता शबुद न्हाई. एकडाव आमच्या दारात या."

सर, मीच न्यायला येते.